मर्लच्या हातचं फदफदं

सलिल आगाशे बस चालवतो आणि दिवसभर सॉरी म्हणतो. बस उशिरा आली तर म्हणतोच, पण वेळेवर आली आणि स्टॉपवरच्या माणसाची धांदल उडाली तरी म्हणतो. एकदा मी त्याच्याच बसमध्ये होते. एक बाई चुकीच्या बसमध्ये चढली, बऱ्याच स्टॉपनंतर तिच्या लक्षात आलं, आणि माफी कोणी मागितली, तर सलिलने. उतरताना मी म्हटलं, "अरे, तिने पाटी वाचली नाही, त्यात तुझा काय गुन्हा?" तर म्हणतो, "ताई, ती चढताना मी विचारायला हवं होतं ना." अशा माणसाच्या हातून देवाने खराखुरा अपराध घडवू नये. पण घडवला.

तो माझ्या शेजारी राहतो, ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीत, आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक लाकडी कुंपण आहे तेवढंच. साताऱ्याहून अकाउंटिंग शिकायला आला होता. शिकला, पास झाला, कायमच्या वास्तव्याची पीआर मिळाली, आणि मग त्याने स्वतःशी कबूल केलं की आपल्याला आकडे आवडत नाहीत, मोठ्या गाड्या आवडतात. मंडळाच्या गणपतीत आयटीतली माणसं त्याला विचारतात, "सध्या कुठे आहेस?" तो "बसवर" म्हणतो, आणि ती "वा, इंटरेस्टिंग" म्हणून मोदकाच्या रांगेकडे वळतात. मला अशा वेळी त्यांच्या हातातले मोदक काढून घ्यावेसे वाटतात. सलिल मात्र त्यांची अडचण केल्याबद्दल ओशाळून हसतो. लग्न झालं होतं, ते मोडलं. त्याबद्दलही तो सॉरी म्हणत बसतो, म्हणून मी तो विषय काढत नाही.

त्याचं एकच सुख होतं, रविवारचं जेवण. वॉटन स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाला लागून, मर्ल नावाच्या त्रिनिदादच्या बाईचं छोटंसं हॉटेल आहे. हमिंगबर्ड. पाचसहा टेबलं, भिंतीला पिवळा रंग, आणि आतून मर्लचा गाता आवाज. बोकडाचं मटण, खारवलेला मासा, तळलेली केळी, आणि डाळ भरलेली रोटी, जिला ते लोक चक्क 'दालपुरी' म्हणतात. शाकाहारी घरातला हा मुलगा तिथे बसून जे पोहतं आणि जे चरतं ते सगळं खायचा. मी अलिबागची, त्यामुळे मला कौतुकच होतं.

मग त्याचे वडील गेले. आषाढात. सलिल इथून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याने बापाचं तोंड पाहिलं नाही, आणि ते दुःख तो अजून गिळतो आहे. सहासात महिन्यांनी आईला इकडे घेऊन आला.

सुहासिनीकाकू म्हणजे साताऱ्याच्या शाळेत हयात घालवलेल्या बाई. बांधा बारीक, आवाज खणखणीत, आणि स्वयंपाकघरात सोवळ्याचा कडकपणा. पण नवरा गेल्यापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं. सकाळी चहा, दुपारी दोन बिस्किटं, रात्री "भूक नाही रे". मी वरणफळं नेली, थालीपीठ नेलं, घावन नेले. त्या एक घास खायच्या, "छान झालंय हो, मीनाक्षी" म्हणायच्या, आणि ताट सरकवायच्या. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, वजनाचा आकडा बघून भुवया वर केल्या. सलिल कुंपणापाशी येऊन म्हणाला, "ताई, मी तिला इथे आणून मारतोय का?"

त्याला हमिंगबर्डमधलं कॅलालू आठवलं. कॅलालू म्हणजे अळू. आपलंच अळू, तीच पानं. त्यात भेंडी, नारळाचं दूध, हिरवी पात, आणि घोटून घोटून लगदा. त्याने ते बऱ्याचदा खाल्लं होतं आणि दर वेळी त्याच्या मनात यायचं, हे आपलं फदफदं. आईला म्हणाला, "अगं, एका ठिकाणी अळूचं फदफदं मिळतं." काकू त्या दिवसांत पहिल्यांदा मान वर करून म्हणाल्या, "ऑस्ट्रेलियात?"

आम्ही तिघं गेलो. काकूंनी दारातच ठरवलं होतं की ह्या मुलाच्या भरवशावर राहायचं नाही. "विचार तिला, अंडं नाही ना. आणि मांसाचा डाव ह्यात घालत नाही ना, ते विचार." काकूंचं इंग्रजी माझ्याहून बरं आहे, पण मर्लचं इंग्रजी चालीवर येतं आणि शेवटची अक्षरं वाटेतच सोडतं, त्यामुळे दुभाष्याचं काम सलिलकडे आलं. सलिल मर्लला म्हणाला, "मम प्युअर व्हेज आहे. नो मीट, नो एग, ओके?" मर्ल काकूंकडे बघून छातीवर हात ठेवून म्हणाली, "नो मीट, डार्लिन. ऑल लीफ."

डाव वेगळा आहे का, हे सलिलने विचारलंच नाही. मी समोर होते. त्याने मर्लला विचारलं, "बिझनेस कसा आहे?" ती काहीतरी लांबलचक बोलली, आणि हा आईला म्हणाला, "वेगळा डाव आहे म्हणते." मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण आई कितीतरी महिन्यांनी ताटापाशी बसली होती. तिला डावासाठी उठवायचं माझ्याही जिवावर आलं.

आणि काकू जेवल्या. पहिला घास घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी डोळे मिटले, चमचा बाजूला ठेवला, आणि भातात हात घातला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते, काकूंना त्यांची पर्वा नव्हती. ताट पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "अजून आहे का विचार." सलिल आत गेला तो डोळे पुसतच गेला. मी आपली माझे डबल्स खात होते, म्हणजे मऊ पुऱ्यांमधले चणे, आणि मनात म्हणत होते, मीनाक्षी, तुझी वरणफळं हरली.

मग दर रविवारी जाणं सुरू झालं, आणि मधल्या वारी सलिल डबा आणायचा. काकूंच्या गालांवर मांस दिसू लागलं. मर्ल त्यांना 'मम्मी' म्हणायची. काकूंनी तिला हातवारे करून चिंच-गूळ आणि शेंगदाणे घालायचं शिकवायचा प्रयत्न केला. मर्लने ऐकून घेतलं आणि तिला हवं तेच केलं.

जूनमधल्या एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, सलिल शिफ्ट संपवून डबा न्यायला गेला. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. मर्लने त्याला "ये रे आत" म्हणून सरळ स्वयंपाकघरात बोलावलं. मोठ्या पातेल्यात कॅलालू रटरटत होतं. मर्लने चिमटा घातला आणि पातेल्यातून एक अख्खा लालभडक खेकडा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा. एका ताटलीत त्यांचा ढीग लावला, उरलेला हिरवा लगदा डब्यात भरला, आणि अभिमानाने म्हणाली, "मी मम्मीसाठी सगळे काढते, एक नांगीसुद्धा ठेवत नाही. इतरांना ताटात देते." तिच्या हिशेबी मीट म्हणजे चार पायांचं. खेकडा हा पातेल्यात घालायचा मसाला होता. सलिल स्वतः खायचा तेव्हा त्याला ताटात खेकडा मिळायचा, पण तो वेगळा शिजवून वर ठेवतात असं तो समजून चालला होता. अळू दिसलं की आपला माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. अळूत खेकडा असेल ही शंका साताऱ्याच्या मुलाला कशी यावी?

तो डबा घेऊन गाडीत बसला. टाकून द्यावा म्हणून कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला, परत आला. घरी काकूंनी ताट वाटी मांडून ठेवली होती. सलिलने डबा उघडून वाढलं. हे सगळं त्याने मला दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी सांगितलं. "आत्तापर्यंत मला माहीत नव्हतं, ताई. पण काल माहीत होतं. काल मी वाढलं."

पुढच्या वेळी त्याने मर्लला विनवून छोट्या पातेल्यात खेकड्याशिवाय करून घेतलं. काकूंनी दोन घास खाल्ले. "आज मर्लचं लक्ष नव्हतं वाटतं," म्हणाल्या, आणि ताट सरकवलं. तो आठवडा पुन्हा चहा-बिस्किटांवर गेला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, ही म्हण कोणत्या प्राण्यावरून आली असेल हे मला तेव्हा कळलं. त्यानंतरच्या रविवारी सलिलने मर्लला सांगितलं, नेहमीसारखं कर.

आणि स्वतः त्याने मासे-मटण सोडलं. प्रायश्चित्त म्हणून. म्हणजे बघा, आई खेकड्याच्या रसावर आणि पोरगा वरण-भातावर. मी थट्टा केली तर हसला नाही. दिवसेंदिवस ओढल्यासारखा दिसायला लागला. काकू मला म्हणायच्या, "ह्याला काय झालंय गं? माझी भूक परत आली आणि ह्याची गेली." त्या मायेने त्याच्या ताटात तूप वाढायच्या, आणि तो ते खाली मान घालून खायचा. मला त्याचा राग यायचा, कीव यायची, आणि खरं सांगायचं तर माझीही मान खाली जायची, कारण आता मलाही माहीत होतं आणि मीही गप्प होते.

आणखी किती दिवस असं चाललं असतं कोण जाणे. पण आषाढ आला. काकांचं वर्षश्राद्ध. साताऱ्याला दिराकडे विधी होणारच होता, पण काकूंना इथेही पान वाढायचं होतं. जवळच टार्नीटला राहणारे एक गुरुजी शनिवारी सकाळी यायला तयार झाले. काकू कामाला लागल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी. श्राद्धाच्या पानात अळू हवंच. बुधवारी त्यांनी सलिलला सांगितलं, "अळू मर्लकडून आण. ह्यांना फार आवडायचं. आणि तिच्यासारखी चव माझ्या हाताला नाही, खरं ते खरं."

सलिल रात्री कुंपणाशी आला नाही, सरळ माझ्या दारात आला. "आता काय करू, ताई? खेकड्याशिवायचं आणलं तर तिला कळेल, आजचं वेगळं आहे. खेकड्याचं आणलं तर…" बापाचं तोंड पाहायला मिळालं नाही, आता त्याच्या पानात आपण काय वाढणार, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी चिडले. म्हटलं, "जन्मभर ज्याला त्याला सॉरी म्हणत फिरतोस. बसच्या दाराला म्हणतोस. जिला म्हणायचं तिला मात्र तोंड उघडत नाहीस. जा आणि सांग."

"ती परत जेवणार नाही."

"नाही जेवली तर मी बघीन. पण श्राद्धाच्या पानावर खोटं वाढू नकोस."

"तू सोबत ये," तो म्हणाला. मी गेले नसते तर त्याला एकट्याने ते जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले.

काकू जेवणाच्या टेबलाशी तीळ निवडत बसल्या होत्या. बाहेर आकाश भरलेलं, हीटर चालू. सलिल उभाच राहिला. "आई, सॉरी," एवढंच म्हणाला आणि अडकला. मग एका दमात सांगून टाकलं. मर्लच्या अळूत खेकडा असतो. उकळताना असतो, वाढताना काढतात. मला आधी माहीत नव्हतं. मग कळलं, तरी मी आणत राहिलो. तू जेवत होतीस म्हणून.

काकूंचा हात तिळात तसाच राहिला.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"जूनमध्ये."

"आणि तो डाव? वेगळा आहे म्हणाली होती ती."

"मी विचारलंच नव्हतं, आई."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. आता आवाज चढेल, आता ताटली फेकतील, असं मला वाटत होतं. शाळेत त्यांनी मुलांना उभं आडवं झोडलेलं असणार. पण त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मध्ये एकदा पांचट लागलं होतं. तेव्हा—"

"तेव्हा घातला नव्हता."

"म्हणून," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, सलिलकडे नाही. "ह्यांच्या फोन ऑफिसात एक गावकर होते, मीनाक्षी, मालवणचे. त्यांच्याकडे हे रविवारी मासे-खेकडे जेवायला जायचे. माझ्यापासून लपवलं नाही कधी. पण मी घरात घेत नव्हते तसं. मागच्या अंगणातल्या नळावर अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मगच उंबऱ्याच्या आत. थंडी असो, काही असो. साताऱ्याची थंडी तुला माहीत नाही. तरी त्यांच्या हाताला तो वास राहायचा. कितीही साबण लावा. मी पाठ फिरवून झोपायचे."

सलिल खाली बसला होता. त्याला ह्यातलं बहुतेक माहीत असावं.

"त्या हॉटेलात पहिला घास घेतला ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा तो वास आला. कुठला, ते मी मनाला विचारलं नाही. फक्त वाटलं, हे शेजारी येऊन बसलेत. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं. म्हणून जेवले रे मी. मला काय अळूची भूक होती?"

सलिल रडत होता. "आई, सॉरी," पुन्हा म्हणाला. ते एकदा म्हणून थांबेल तर तो सलिल कसला. काकूंनी त्याला गप्पही केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तीळ डब्यात भरले, झाकण लावलं.

"शनिवारचं अळू मी घरी करीन," म्हणाल्या. "पानं तेवढी आणून दे मर्लकडून. चवीचं बघू." आणि टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेल्या. बाटलं म्हटल्यावर अंघोळ करणार, हे ओघानेच आलं. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "गरम पाण्याचा नळ मी सोडणार नाही. मागून काही म्हणू नकोस."

सलिल उठून दारापाशी गेला. "आई, जुलै आहे. बर्फासारखं पाणी येतं. आजारी पडशील." आतून शॉवरचा आवाज आला. आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभे होतो. पाणी पडत होतं, पडत होतं. मी सलिलला म्हटलं, चहा ठेव. तो हलला नाही.

काकू बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. केसांतून पाणी ठिबकत होतं. मी शाल घेऊन पुढे झाले. त्यांनी ती घेतली नाही. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि मुलाकडे पाहिलं.

"पाणी फार गार असतं रे, सलिल," त्या म्हणाल्या. "आणि त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही."